दुपारी एक ते दोन

“माझं कपाट उघडतंय गं, पण आत काहीच नाही,” बिबिनूर आपाय म्हणाल्या. सगळे त्यांना मानाने आपाय, म्हणजे बाई, म्हणत. खोलीत इतका गलका होता की संस्थेचे संगणक सांभाळणाऱ्या झाउरेशला शब्द ऐकू आले, पण अर्थ पोचायला वेळ लागला. अल्माटीच्या फळझाड संस्थेतली माणसं पाच दिवसांनी आपापल्या संगणकांपुढे बसली होती आणि हरवलेल्या फाइली परत आलेल्या पाहून एकमेकांना हाका मारत होती. ऑक्टोबरात इमारती तापवायचं गरम पाणी सोडण्याआधी नळांना दाब देऊन बघतात, तसं याही वर्षी बघितलं, आणि तळमजल्यावर ज्या कोनाड्यात सर्व्हर ठेवला होता त्याच्या वरचाच सांधा सुटला. तासभर गंजाचं लाल पाणी त्याच्यावर पडत होतं. दोन्ही डिस्क गेल्या. झाउरेशने एक जुनं यंत्र कोरडं करून त्यावर बॅकअपमधून सगळं परत आणलं. पडद्यावर शेवटी हिरवी ओळ आली, चुका शून्य, आणि रोग विभागातल्या रिझवानगुलने तिला सगळ्यांसमोर मिठी मारली. “या पोरीचे हात सोन्यानं मढवा रे कुणीतरी! माझ्या लेकीच्या लग्नाचे फोटोसुद्धा आले. ते सरकारी यंत्रावर होते हे वरती कुणी बोलू नका म्हणजे झालं.” या सगळ्यात बिबिनूर आपाय रिझवानगुलच्या खुर्चीच्या काठावर, उठायची तयारी ठेवून बसाव्या तशा बसल्या होत्या. अंगात कोट, मांडीवर पिशवी. झाउरेश त्यांच्या खांद्यावरून वाकली. त्या ज्याला कपाट म्हणत ते फोल्डर होते. १९७१ पासून १९८९ पर्यंत, एकाखाली एक, नीट नावं घातलेले. पहिल्या दोन वर्षांच्या फोल्डरात मिळून तीन फाइली होत्या. १९७३ उघडला, रिकामा. १९७४ रिकामा. झाउरेश उघडत गेली आणि आपाय प्रत्येक वेळी मान किंचित पुढे करत राहिल्या, जणू पुढच्या दारामागे कुणी असेलच.

“येतील, आपाय. मागे राहिल्या असतील कुठेतरी,” ती म्हणाली. हे बोलताना तिला आपल्या जिभेवर गंजाची चव असल्यासारखं वाटलं. पाच दिवस ते पाणी पुसत होती, त्याचाच परिणाम असेल, असं तिने स्वतःला सांगितलं. मग तिने तेच केलं जे तिच्या कामातलं कुणीही करतं. त्या फाइली पुन्हा मागवल्या. बॅकअपने उत्तर दिलं की मागितलेलं सगळं दिलं आहे. आदल्या आठवड्याची प्रत मागितली, आदल्या महिन्याची मागितली, मेमधली मागितली. प्रत्येक वेळी तेच रिकामे फोल्डर, तीच हिरवी ओळ. हरवलेली वस्तू शोधता येते. जी कधी ठेवलीच गेली नाही ती कशी शोधायची? हे तिच्या मनात आलं आणि तिने ते मागे ढकललं, कारण फाइली आपायनी टाइप केल्या होत्या. तिने स्वतः पाहिलं होतं. सात महिने रोज दुपारी पाहिलं होतं.

आपायना संस्थेत जागा नव्हती. निवृत्त होऊन सोळा वर्षं झाली होती. त्या यायच्या ते आपल्या हौसेने. एक वाजता सगळे जेवायला कँटीनमध्ये गेले की रिझवानगुलचा संगणक मोकळा व्हायचा. आपाय एक वाजून पाच मिनिटांनी यायच्या, पिशवीतून वही काढायच्या, चष्मा बदलायच्या आणि दोन बोटांनी टाइप करायला लागायच्या. दोनला पाच कमी असताना फाइल बंद करून उठायच्या, खुर्ची पुसायच्या, जणू बसल्याची खूण राहू नये. रिझवानगुल थट्टा करायची, “आपाय, माझ्या खुर्चीला तुमचा लळा लागलाय. मी बसले की कुरकुरते.” त्यावर आपाय म्हणायच्या, “तुझं वजन कमी कर, मग नाही कुरकुरणार.” वह्या एकतीस होत्या. डोंगराच्या उतारांवरच्या रानटी सफरचंदांच्या. एकेका झाडाला पत्र्याचा नंबर ठोकून एकोणीस वर्षं आपायनी त्यांची नोंद ठेवली होती. कोणतं झाड कधी फुललं, कोणत्या थंडीत कोणत्या झाडाची फुलं जळली आणि कोणत्याची नाही, फळाचं वजन, साल, आंबटपणा. आपाय विद्यापीठात शिकवायच्याही, तेव्हा झाउरेश एकदा वर्गातल्या मुलींसोबत त्यांच्याबरोबर वर गेली होती. तेव्हा ती जीवशास्त्राची विद्यार्थिनी होती, संगणकाकडे वळायला अजून दोन वर्षं होती. आपाय एक फळ तोडायच्या, चावा घ्यायच्या, थुंकायच्या आणि ते मुलींकडे द्यायच्या. “काय लागतं?” मुली म्हणायच्या, “आंबट.” “आंबट म्हणजे तू मला काहीच सांगितलं नाहीस. लिंबासारखं? लोणच्यासारखं? दात शिवशिवतात की घसा आवळतो?” संध्याकाळपर्यंत झाउरेशच्या तोंडाची साल निघाली होती आणि तिला आठ प्रकारचं आंबट ओळखता येऊ लागलं होतं. ते उतार आता नाहीत. तिथे लोखंडी दारांचे बंगले आहेत, कॅमेरे आहेत. पत्र्याचे नंबर कुणी काढले असतील? की बुलडोझरने झाडांबरोबरच गाडले? हे आपायना ती कधी विचारू शकली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी संचालकांनी बोलावलं. सेर्झान यांना सगळे मानाने सेरेके म्हणत. ते सहीसाठी अहवाल हातात धरून बसले होते. “छान काम केलंत. आता एवढंच लिहा, पाण्यामुळे नुकसान, बॅकअपमधून पूर्ण भरपाई. संपला विषय.” झाउरेश म्हणाली, “पूर्ण नाही, सेरेके. बिबिनूर आपायच्या अठ्ठावीस फाइली आल्या नाहीत.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “त्या आपल्या कर्मचारी आहेत का?” “नाहीत.” “त्यांना संगणक दिलाय का आपण?” “नाही, पण—” “मग त्यांच्या फाइली आपल्याकडे नव्हत्याच. जे नव्हतं ते हरवेल कसं? तुम्ही विज्ञान शिकलात ना, तुम्हीच सांगा.” ते हसले. हसण्यात कपट नव्हतं. ते खरोखरच तिची अडचण सोडवत होते. “म्हातारीला सांगा, पाण्यात गेल्या. पाण्यावर कुणी रागावत नाही.” ती सही न करता कागद घेऊन बाहेर आली. ही वाट तिच्यासाठीच किती सोयीची आहे हे समजायला तिला अजून तीन दिवस होते.

पाण्याचा संबंध नव्हता, एवढं तिला माहीत होतं. बॅकअपचं यंत्र दुसऱ्या मजल्यावर होतं, त्याच्यावर थेंबही पडला नव्हता. आणि त्या यंत्रात सात महिन्यांचे लॉग, म्हणजे त्याने स्वतःच लिहून ठेवलेल्या नोंदी, पडून होते. एरवी बॅकअप रोज एका ओळीत आपला निकाल सांगतो. पण फेब्रुवारीच्या शेवटी एका किरकोळ दुरुस्तीसाठी तिने नोंदींची पातळी वाढवली होती. म्हणजे यंत्र प्रत्येक फाइलपाशी थांबून काय पाहिलं आणि काय ठरवलं ते लिहायला लागलं. काम झाल्यावर ती पातळी पुन्हा खाली आणायची राहून गेली. लॉग फुगत गेले. उन्हाळ्यात जागा कमी पडली तेव्हा तिने स्वतःलाच शिव्या देत ते एका बाजूच्या डिस्कवर हलवले होते, न उघडता. आता तिने ते उघडले. तळमजल्यावर पंखा लावून ओल्या फरशा वाळवत होते, त्याची घरघर दिवसभर वर ऐकू येत होती. लाखो ओळी होत्या आणि जवळजवळ सगळ्या सारख्या. अमुक फाइल, बदल नाही, सोडली. तमुक फाइल, बदल नाही, सोडली. यात गैर काही नव्हतं. पूर्ण प्रत वर्षातून एकदा फेब्रुवारीत घेतली जायची, त्याहून जास्त जागा द्यायला संस्था तयार नव्हती. बाकी रोज फक्त बदललेलं उचलायचं, उरलेलं सोडायचं, हेच त्याचं काम. दोन दिवस ती वाचत राहिली. डोळे मिटले तरी ओळी वर सरकताना दिसायच्या. तिसऱ्या दिवशी तिने उलटं केलं. आपायच्या एकाच फाइलचं नाव घेतलं, १९७३ ची पहिली वही, आणि ते नाव लॉगमध्ये सगळ्यात पहिल्यांदा कधी येतं ते शोधलं. सहा मार्च. आदल्या दिवशी ते नाव कुठेच नव्हतं. सहा मार्चला होतं आणि त्याच्यापुढे लिहिलं होतं, बदल नाही, सोडली.

ती ओळ तिने कितीदा वाचली असेल. जी फाइल कालपर्यंत जन्मली नव्हती, तिच्यात कालपासून बदल नाही? त्याच ओळीच्या शेपटाला दोन वेळा लिहिल्या होत्या. एक फाइल शेवटची लिहिली गेली ती वेळ, दुसरी मागचा बॅकअप झाला ती वेळ. पहिली दुसरीच्या आधी होती. सतरा मिनिटांनी आधी. आपाय एक वाजून पाच मिनिटांनी यायच्या. बॅकअप एकला सुरू व्हायचा, कारण रात्री रखवालदार सगळ्या इमारतीची वीज मुख्य खटक्यावरून बंद करतो. आगीच्या भीतीने हा नियम कुणीतरी तिच्या जन्माआधी घातला होता आणि तो अजून चालू होता. म्हणून बॅकअपसाठी त्यातल्या त्यात शांत वेळ दुपारी जेवणाची. एकनंतर लिहिलेली फाइल एकच्या आधीची कशी? तिने पेन्सिलने कागदावर आकडे मांडले. दाखवतोय बारा त्रेचाळीस, आणि आपाय तर एक पाच ते दोनला पाच कमी एवढाच वेळ बसायच्या, म्हणजे खरी लिहिली गेली असणार एक त्रेचाळीसला. दोघांत बरोब्बर एक तासाचा फरक. पेन्सिल तशीच कागदावर टेकलेली राहिली. पंखा घरघरत होता. मग हळूहळू, काही पडण्याआधी ते कलताना दिसावं तसं, तिला एक मार्चची सकाळ दिसली.

त्या दिवशी देशाने दोन प्रमाणवेळा मोडून सगळीकडे एकच वेळ केली होती आणि अल्माटीची घड्याळं एक तास मागे घेतली होती. आठवडाभर शहरात दुसरं बोलणं नव्हतं. आता संध्याकाळ लवकर होणार, गायी दूध कधी देणार, सरकारला झोपही बघवत नाही. झाउरेश सकाळी दारातून आत येत होती, डोक्यावरचा रुमाल अजून सोडला नव्हता, आणि सेरेकेंचा फोन आला. “तुमचं यंत्र अजून जुन्याच वेळेत आहे. माझ्या पत्रावर एक तास पुढचा शिक्का पडतोय. मंत्रालयात हसतील लोक. आत्ताच्या आत्ता करा.” नीट करायचं तर वेळेचा नवा नियम यंत्रात घालायचा, त्यासाठी सर्व्हर अर्धा तास थांबवावा लागला असता आणि सगळे ओरडले असते. तिने उभ्या उभ्या घड्याळ हाताने एक तास मागे फिरवलं. ते आपोआप पुन्हा पुढे जाईल हे तिला माहीत होतं, म्हणून बाहेरून वेळ जुळवून घेण्याची सोयही बंद केली. एक मिनिट लागलं. शिक्का बरोबर पडू लागला. नीट दुरुस्ती दुपारी करू, असं मनाशी म्हणून तिने रुमाल सोडला, चहा ओतला, आणि ती दुरुस्ती राहूनच गेली. वरच्या बॅकअपच्या यंत्रात नवा नियम तिने आदल्या आठवड्यात व्यवस्थित घातला होता. भिंतीवरच्या वेळेत दोघांचं जमत होतं. पण यंत्रं आतल्या आत सगळ्या जगाची मिळून एकच वेळ मोजतात, आणि तिथे खालचं यंत्र वरच्याच्या एक तास मागे पडलं होतं. दर दुपारी वरचं विचारायचं, काल एक वाजल्यापासून काय बदललं? आणि काल एक ते दोनमध्ये जे लिहिलं गेलं असेल त्याच्यावर वरच्याच्या हिशेबाने बारा ते एकचा शिक्का असायचा. ते आधीचं ठरायचं. आधीचं म्हणजे घेतलेलं. घेतलेलं म्हणजे सोडायचं. त्या एका तासात संस्थेत कुणीच काम करत नव्हतं, म्हणून कुणाचं काही गेलं नाही. पगार घेणारे सगळे जेवत होते.

ती उठून खिडकीपाशी गेली, खाली बागेत पानं जाळत होते, तो धूर आत येत होता. सात महिने यंत्र रोज तिला सांगत होतं, मी हे सोडतोय. खोटं बोलत नव्हतं, लपवत नव्हतं. तिने फक्त शेवटची हिरवी ओळ बघितली होती. एप्रिलमधली एक दुपार तिला आठवली आणि ती आठवू नये म्हणून तिने खिडकीची चौकट घट्ट धरली. आपाय तिच्या टेबलापाशी उभ्या होत्या. “झाउरेश, या टाइप झालेल्या वह्यांचं काय करू? तळघरातल्या ओलीनं बुरशी धरलीय. घरी नातवाला दमा आहे, सून म्हणते, आई, एक तर वह्या ठेवा नाहीतर पोरगा. रद्दीवाला गुरुवारी येतो. टाकू का?” झाउरेश काहीतरी वाचत होती. तिने मान वर केली नव्हती. “टाका, आपाय. आता दोन ठिकाणी आहेत त्या. कागदापेक्षा सुरक्षित.” “नक्की ना गं?” “नक्की.” एवढंच. आपाय नंतर दर महिन्याला झालेल्या वह्या रद्दीवाल्याला देत गेल्या असतील, कधी या गुरुवारी, कधी त्या, पिशवीतून दोन दोन. काय वाटलं असेल त्यांना? हलकं वाटलं असेल. बरं वाटलं असेल की आता दोन ठिकाणी आहेत.

आपाय एकला आल्या. खोली रिकामी होती. झाउरेशने त्यांना खुर्ची दिली आणि स्वतः रिझवानगुलच्या स्टुलावर बसली. तिने सगळं सांगायचं ठरवलं होतं, वाक्यं मनात जुळवली होती, मी, माझ्या हाताने, माझ्या आळसाने. “आपाय, फाइली मिळणार नाहीत,” ती म्हणाली. “एक ते दोनमध्ये जे लिहिलं गेलं ते बॅकअपमध्ये आलंच नाही. मार्चमध्ये वेळ बदलली ना, तेव्हापासून खालचं घड्याळ एक तास मागे राहिलं होतं.” ती थांबली. मागे राहिलं होतं. कुणी ठेवलं ते पुढच्या वाक्यात यायचं होतं. आपाय तिच्याकडे बघत होत्या, वर्गात विद्यार्थी अडखळला की बघायच्या तशा, धीर देत. मग त्यांनीच बोलायला सुरुवात केली. “म्हणजे जेवणाच्या सुट्टीत बसायला नको होतं.” “तसं नाही, आपाय—” “अगं, काहीतरी नियम असणार. माणसं उठतात तेव्हा यंत्रंही उठत असतील. मीच हावरटासारखी बसायचे. मला वाटायचं, कुणाच्या मध्ये येत नाही ना, मग झालं.” त्यांनी पिशवीची कड घडी घालावी तशी बोटांनी दुमडली, सोडली, पुन्हा दुमडली. “तू तरी कुठवर लक्ष ठेवणार? माझंच चुकलं. उगाच तीन दिवस तुझे डोळे फोडले.” आता. आता बोलायला हवं होतं. झाउरेशचं तोंड उघडंच होतं. बाहेर जिन्यावर पावलं वाजत होती, रिझवानगुलचा आवाज येत होता, “आज पुन्हा थंड मंती! त्या कँटीनवाल्याला बर्फात पुरा!” ती आत येईपर्यंत वेळ होता, तीन वाक्यांएवढा तरी होता. झाउरेशला आपल्या छातीतून काहीतरी खाली उतरल्यासारखं वाटलं. हलकं. त्या हलकेपणाची किळस यायला तिला संध्याकाळ व्हावी लागली. त्या क्षणी फक्त बरं वाटलं. “तुम्ही काही चुकला नाहीत,” ती पुटपुटली, आणि दार उघडलं, आणि त्या वाक्यात कुणाचीच चूक उरली नाही.

“काय झालं? कोण मेलं?” रिझवानगुलने दोघींकडे पाहिलं. आपाय उठल्या आणि त्यांनी खुर्ची पुसली. “कुणी नाही. तीन वाजता एखादं यंत्र मोकळं असतं का इथे? बिनसुट्टीचं?”

तेव्हापासून त्या तीनला येतात. झाउरेशने आपलं टेबल दिलं आहे. सेरेकेंनी ते बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं, तिच्या सहीचा अहवाल त्यांना मिळाला होता. पाण्यामुळे नुकसान. घड्याळही त्याच आठवड्यात नीट केलं गेलं, ते काम अर्ध्या तासाचंच होतं, कुणी ओरडलं नाही. आपाय आता पिशवीतून काही काढत नाहीत. खिडकीबाहेर डोंगराकडे बघतात, मग टाइप करतात. झाडं आठवतात, असं त्या म्हणतात. नदीकडून वर गेलं की पहिलं सत्तावन्न, दुभंगलेल्या बुंध्याचं, मग उजवीकडे एकशे तीन. झाडं खरंच आठवतात. पण त्यांच्यापुढे ग्रॅम लिहावे लागतात, तारखा लिहाव्या लागतात, आणि ते आकडे फार गोल येतात. तीस, चाळीस, पंचवीस. खऱ्या झाडावरचं फळ असं वागत नाही हे दोघींनाही माहीत आहे. आपाय एखादा आकडा लिहून त्याच्याकडे बघत बसतात, मग त्यात दोन मिळवतात. झाउरेश दुसऱ्या दिवशी दुपारी दोनला लॉग उघडते. पातळी तिने खाली आणलेली नाही, आता ती प्रत्येक ओळ वाचते. १९७३ ची वही, बदल आहे, घेतली. १९७४ ची वही, बदल आहे, घेतली. एकही सुटत नाही. उद्या कुणी तरुण संशोधक या फाइली उघडेल, त्यातली थंडी सोसणारी झाडं मोजेल, त्यावर निबंध लिहील. त्याला हे आकडे कुठून आले हे कोण सांगणार?

“झाउरेश,” काल आपायनी हाक मारली. त्या शहात्तर सालच्या मेवर होत्या. “दोनशे बारा नंबर. ते उशिरा फुललेलं. अकरा तारीख होती की चौदा? तू होतीस ना माझ्याबरोबर?” झाउरेश त्यानंतर चार वर्षांनी जन्मली होती. आपायनी चष्म्यावरून वर पाहिलं. त्यांना एवढं न कळण्याइतकं वय झालेलं नव्हतं. डोळे अगदी साफ होते, उत्तराची वाट बघत होते. खोलीत टाइप करण्याचे आवाज येत होते, रिझवानगुल फोनवर कुणाशी तरी भांडत होती.

“चौदा, आपाय,” झाउरेश म्हणाली.

आपायनी मान हलवली आणि दोन बोटांनी, आधी एक, मग चार, असं लिहिलं.